अनुदान जमिनीला की कसणाऱ्याला? : मिसिसिपीतील सनफ्लॉवर काउंटीच्या पीक-अनुदानाची चिकित्सा

प्रास्ताविक

कृषिअनुदानाविषयीचे लेखन बहुधा राष्ट्रीय बेरजांभोवती फिरते. अमुक वर्षी शेतीक्षेत्राला अमुक इतके अब्ज डॉलर अथवा हजार कोटी रुपये मिळाले असे विधान केले जाते आणि त्यावरून सदर धोरण शेतकऱ्याच्या हिताचे की तिजोरीला भार, हा वाद सुरू होतो. या वादात एक साधा प्रश्न मागे पडतो : अनुदानाचा धनादेश प्रत्यक्षात कोणाच्या नावे निघतो? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर राष्ट्रीय पातळीवरून खाली उतरून एखाद्या लहान प्रशासकीय घटकाकडे पाहावे लागते. अमेरिकेत असा घटक म्हणजे काउंटी होय. संघीय सरकारचे पीक-कार्यक्रम १९३३ पासून काउंटीच्या पातळीवरील समित्यांमार्फत व कार्यालयांमार्फत राबविले गेले आहेत. ‘एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप’ या संस्थेने २००१ मध्ये अनुदान-प्राप्तकर्त्यांची काउंटीनिहाय माहिती लोकांसाठी खुली केल्यापासून अशा अभ्यासाला मोठे साधनही मिळाले आहे.

प्रस्तुत लेखात मिसिसिपी राज्याच्या डेल्टा प्रदेशातील सनफ्लॉवर या ग्रामीण काउंटीचा विचार केला आहे. सुमारे ७०० चौरस मैलांची ही काउंटी एके काळी कापसासाठी प्रसिद्ध होती. तिची निवड करण्यामागे एक विशेष कारण आहे. अनुदानाचे युग सुरू होत असतानाच इंडियनोला या तिच्या मुख्य गावी दोन अभ्यासकांनी क्षेत्रकार्य केले. हॉर्टेन्स पावडरमेकर यांचा ‘आफ्टर फ्रीडम’ (१९३९) आणि जॉन डोलार्ड यांचा ‘कास्ट अँड क्लास इन अ सदर्न टाउन’ (१९३७) हे दोन्ही ग्रंथ याच गावावर आधारलेले आहेत. पुढे अमेरिकी सिनेटमधील अत्यंत प्रभावशाली सदस्यांपैकी एक असलेले जेम्स ईस्टलँड आणि नागरी हक्क चळवळीतील अग्रणी फॅनी लू हेमर हे दोघेही याच काउंटीचे रहिवासी होते. ख्रिस मायर्स ॲश यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द सिनेटर अँड द शेअरक्रॉपर’ या ग्रंथात या दोघांची चरित्रे समोरासमोर ठेवली आहेत. त्यामुळे एकाच काउंटीत अनुदान घेणारा, अनुदानाचा कायदा करणारा आणि अनुदानापासून वंचित राहणारा असे तिन्ही घटक येथे अभ्यासता येतात.

या लेखातील प्रतिपादन असे की, या अनुदानाचे माप आरंभापासूनच जमीन आणि उत्पादन हे होते. कसणारा माणूस हे ते माप कधीच नव्हते. शिवाय ते माप लावण्याचा अधिकार जमीनधारकांच्याच हाती राहिला. परिणामी ‘शेतकऱ्यासाठी’ म्हणून आलेल्या कार्यक्रमाने प्रत्यक्ष शेती करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना शेतीबाहेर काढण्यास हातभार लावला.

करार आणि त्यातील वाटणी

महामंदीच्या आरंभी अमेरिकेत कापसाचा भाव पाउंडामागे सहा सेंटांच्या आसपास घसरला होता. या परिस्थितीत १२ मे १९३३ रोजी कृषी समायोजन कायदा संमत झाला. उत्पादन घटवावे, म्हणजे भाव वाढेल, आणि घटवलेल्या उत्पादनाची भरपाई सरकारने द्यावी, हे त्याचे तत्त्व. कायदा झाला तेव्हा कापसाचे पीक शेतात उभे होते. त्यामुळे पहिल्याच हंगामात सुमारे एक कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. धान्य आणि कापड यांवाचून लोक हाल सोसत असताना पीक मोडण्यासाठी पैसे देणारी ही योजना तेव्हाही टीकेचा विषय झाली होती. येथे मात्र तिच्या दुसऱ्या अंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे. ते म्हणजे भरपाईच्या वाटणीचे.

डेल्टातील शेती बटईने चाले. जमीन, घर, खेचरे, बियाणे आणि हंगामभराची उधारी मालकाची. श्रम बटईदार कुटुंबाचे. आणि पीक निम्मेनिम्म. हिशेब मालकाच्या वहीत. पावडरमेकर यांच्या निरीक्षणानुसार वर्षअखेरीस प्रामाणिक हिशेब पदरात पडणारे बटईदार अल्पसंख्यच होते. बहुतेक बटईदार कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना मतदानाचा हक्क व्यवहारात नव्हता आणि न्यायालयात दाद मागण्याची शक्यताही नव्हती. अशा समाजव्यवस्थेत सरकारी पैसा येऊ लागला, तो मालकाच्या वहीतूनच.

१९३४-३५ च्या कापूस-करारातील आकडे या संदर्भात बोलके आहेत. पडीक ठेवलेल्या जमिनीच्या सरासरी उत्पादनावर पाउंडामागे साडेतीन सेंट ‘भाडे’ आणि एक सेंट ‘समता देयक’ असे एकूण साडेचार सेंट देण्याचे ठरले. भाडे जमिनीचे म्हणून ते मालकाचे. समता देयक पिकाचे म्हणून ते निम्मेनिम्म. म्हणजे साडेचार सेंटांपैकी चार सेंट मालकाकडे आणि अर्धा सेंट बटईदाराकडे. ज्या पिकात बटईदाराचा निम्मा वाटा होता, ते पीक न घेण्याच्या मोबदल्यात त्याचा वाटा नवव्या हिश्शावर आला. हा बदल कोणत्याही लबाडीने झालेला नव्हता. तो करारातच लिहिलेला होता. ‘भाडे’ हा शब्द निवडल्याबरोबर वाटणी ठरून गेली. अनुदानाच्या परिभाषेत नावांना किती महत्त्व असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

कराराच्या सातव्या कलमात मालकाने शक्य तितक्या प्रमाणात कुळांची नेहमीची संख्या कायम ठेवावी, अशी तरतूद होती. परंतु ‘शक्य तितक्या’ या शब्दांनी तिची धार बोथट झाली. संख्या कायम ठेवायची की तीच माणसे कायम ठेवायची, हा प्रश्न उपस्थित झाला. जुलै १९३४ मध्ये नदीपलीकडील आर्कान्सा राज्यात टायरोन्झा येथे गोऱ्या व काळ्या बटईदारांनी एकत्र येऊन ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली, ती घरातून काढल्या जाणाऱ्या कुळांच्या प्रश्नावरच. कृषी समायोजन प्रशासनाच्या विधि विभागाने जेरोम फ्रँक यांच्या नेतृत्वाखाली तीच माणसे ठेवणे बंधनकारक आहे असा अर्थ लावला. त्यावर फेब्रुवारी १९३५ मध्ये फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी या कारवाईस संमती दिली. डोनाल्ड ग्रब्स यांनी ‘क्राय फ्रॉम द कॉटन’ (१९७१) मध्ये या संघर्षाचा साधार इतिहास दिला आहे. कायद्याचा कोणता अर्थ ग्राह्य धरावयाचा हे दक्षिणेतील जमीनदारांचे राजकीय बळ ठरवत होते, हा त्यातून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९३६ मध्ये १९३३ च्या कायद्यातील मूळ योजना घटनाबाह्य ठरविली. तथापि १९३६ आणि १९३८ च्या कायद्यांनी तिचे तत्त्व वेगळ्या आधारावर पुढे चालू ठेवले. कुळांच्या वाट्यात काही सुधारणा झाली. परंतु वाटा वाढला तेव्हा मालकासमोर दुसरा मार्ग खुला होता. बटईदाराऐवजी रोजंदारीचा मजूर लावला की वाटणीचा प्रश्नच मिटतो. हाती आलेल्या रोख अनुदानातून ट्रॅक्टर घेता येत होता. अनुदानाने बटईची व्यवस्था मोडण्यास आणि यांत्रिकीकरणास चालना दिली, असे वॉरन व्हॉटली यांच्यासारख्या अर्थशास्त्रीय इतिहासकारांचे प्रतिपादन आहे. २ ऑक्टोबर १९४४ रोजी शेजारच्या कोहोमा काउंटीत क्लार्क्सडेलजवळ कापूस-वेचणी यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि पुढील दोन दशकांत उरलेसुरले हातही अनावश्यक ठरत गेले. १९३० मध्ये सनफ्लॉवर काउंटीची लोकसंख्या ६६ हजारांहून अधिक होती; २०२० च्या जनगणनेत ती सुमारे २६ हजार भरली आणि त्यातही पार्चमन येथील राज्य कारागृहातील कैदी समाविष्ट आहेत.

काउंटी समिती : माप कोणाच्या हाती?

अनुदान-कार्यक्रमाच्या समर्थकांना ज्या रचनेचा विशेष अभिमान होता ती म्हणजे शेतकऱ्यांनीच निवडलेली काउंटी समिती. वॉशिंग्टनमधील नोकरशहांऐवजी स्थानिक शेतकरीच निर्णय घेतील, अशी ही विकेंद्रीकरणाची कल्पना होती. कोणत्या शेताला किती एकर कापसाची मुभा, उत्पादनाची सरासरी किती धरावी, सोडून दिलेले क्षेत्र कोणाला वाटावे, तक्रारीचा निवाडा काय, हे सर्व या समितीच्या अखत्यारीत येई. काही एकर इकडचे तिकडे झाले की छोट्या शेतकऱ्याचे वर्ष बुडे अथवा तरे.

स्थानिक लोकशाही ही तिच्यात भाग घेणाऱ्यांपुरतीच लोकशाही असते, हे सनफ्लॉवर व आसपासच्या काउंट्यांनी दाखवून दिले. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने १९६५ मध्ये कृषी कार्यक्रमांतील समान संधीविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात दक्षिणेतील काउंटी समित्यांवर कृष्णवर्णीय सदस्य जवळजवळ नसल्याचे दिसून आले. १९६४-६५ मध्ये विद्यार्थी कार्यकर्त्यांनी मिसिसिपीत या समित्यांच्या निवडणुकांसाठी कृष्णवर्णीय उमेदवार उभे केले. विधिमंडळासाठीच्या मताइतकेच समितीच्या मताला महत्त्व आहे, ही जाणीव त्यामागे होती. या प्रयत्नांना कोणत्या दडपणांना व क्लृप्त्यांना तोंड द्यावे लागले, हे पीट डॅनियल यांनी ‘डिसपझेशन’ (२०१३) या ग्रंथात सविस्तर मांडले आहे.

या प्रश्नाची कायदेशीर परिणती फार उशिरा झाली. ‘पिगफर्ड विरुद्ध ग्लिकमन’ या दाव्यात एप्रिल १९९९ मध्ये न्यायालयाने तडजोडीस मान्यता दिली. कृषी खात्याने कर्ज व अनुदान देताना कृष्णवर्णीय शेतकऱ्यांशी भेदभाव केला आणि त्यांच्या तक्रारींची चौकशीही केली नाही, असा हा दावा होता. बहुतेक यशस्वी दावेदारांना प्रत्येकी ५० हजार डॉलर मिळाले. मुदतीत अर्ज करू न शकलेल्यांसाठी २०१० मध्ये आणखी १२५ कोटी डॉलरची तडजोड झाली. २०२२ च्या कायद्यानुसार भेदभावग्रस्तांसाठी जो निधी ठेवण्यात आला, त्यातून जुलै २०२४ मध्ये सुमारे दोनशे कोटी डॉलर ४३ हजारांहून अधिक व्यक्तींना देण्यात आले. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे ९ लाख २५ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०२२ च्या कृषिगणनेत ही संख्या ५० हजारांच्याही आत होती. भरपाई मिळाली ती बहुतेकांच्या हातून जमीन गेल्यानंतर. भरपाईची रक्कम कितीही असली तरी गेलेले एकर आणि त्यांच्यासोबत गेलेला अनुदानाचा हक्क परत मिळत नाही.

सिनेटर आणि बटईदार

ईस्टलँड यांचा डॉडस्व्हिलजवळील मळा पाच हजार एकरांहून मोठा होता. सिनेटच्या न्याय समितीचे ते १९५६ ते १९७८ या काळात अध्यक्ष होते आणि कृषी समितीचेही सदस्य होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या कौटुंबिक मळ्याला कापसापोटी वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक सरकारी रक्कम मिळत असल्याचे उघड झाले. त्याच काळात मिसिसिपीत निराधार मुलांच्या साहाय्य-योजनेतून एका व्यक्तीस दरमहा मिळणारी सरासरी रक्कम दहा डॉलरच्या आतबाहेर होती. एकाच सरकारच्या दोन देयकांतील ही तफावत तत्कालीन टीकाकारांनी वारंवार निदर्शनास आणली. तफावतीहूनही अर्थपूर्ण आहे तो दोन्हींच्या नावांतील फरक. एकाला भाव-आधार म्हणत, दुसऱ्याला मदत. पहिल्याच्या प्राप्तकर्त्याकडे त्याच्या गरजेचा पुरावा कोणी मागत नसे. दुसऱ्याच्या प्राप्तकर्त्याला आपले दारिद्र्य दर महिन्याला सिद्ध करावे लागे.

फॅनी लू हेमर रूलव्हिलजवळच्या मळ्यावर बटईने राबत आणि वजन-हजेरीची नोंद ठेवण्याचे कामही करीत. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी इंडियनोला येथे मतदार-नोंदणीचा प्रयत्न केल्यामुळे त्याच दिवशी त्यांना मळा सोडावा लागला. १९६४ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या उमेदवारीसाठी जेमी व्हिटन यांच्याविरुद्ध प्राथमिक निवडणूक लढविली. व्हिटन हे प्रतिनिधिगृहातील कृषी-विनियोजन उपसमितीचे अध्यक्ष होते, म्हणजे कृषी खात्याच्या पैशाची किल्ली त्यांच्याकडे होती. हेमर यांच्या उमेदवारीकडे केवळ मताधिकाराच्या लढ्याचा भाग म्हणून पाहिले जाते. परंतु ज्या काउंटीत कापूस-अनुदानाने जमीनदारी टिकवून धरली होती, तेथील बटईदार स्त्रीने त्या अनुदानाच्या सूत्रधाराला दिलेले ते आव्हानही होते.

अनुदान आणि भूक यांचा संबंध डेल्टात अगदी प्रत्यक्ष होता. भाव टिकवण्यासाठी सरकारने खरेदी केलेले अतिरिक्त धान्य व अन्य पदार्थ हिवाळ्यात गरिबांना मोफत वाटले जात. १९६२ च्या हिवाळ्यात शेजारच्या लफ्लोर काउंटीच्या प्रशासनाने हे वाटप बंद केले. कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणी मोहिमेवरील तो सूड होता, असे तेव्हा सर्वत्र समजले गेले. पुढे अनेक काउंट्यांनी मोफत वाटपाऐवजी ‘फूड स्टँप’ योजना स्वीकारली. ही कूपने विकत घ्यावी लागत आणि अगदी किमान उत्पन्न असणाऱ्यालाही माणशी दोन डॉलर भरावे लागत. १९६७ च्या एप्रिलमध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी व जोसेफ क्लार्क डेल्टात आले तेव्हा हे दोन डॉलरही नसलेली कुटुंबे त्यांना भेटली. यामागील कारणपरंपरा स्पष्ट आहे. निंदणी-खुरपणीची रोजंदारी दहा तासांना सुमारे तीन डॉलर होती. १९६५ च्या कायद्यान्वये कापसाखालील क्षेत्र घटवण्याबद्दल मालकांना रक्कम मिळू लागली. फेब्रुवारी १९६७ पासून शेतमजुरीला तासाला एक डॉलर किमान वेतन लागू झाले, तेव्हा मालकांनी तणनाशके आणि यंत्रे यांचा आश्रय घेतला. क्षेत्र कमी केल्याबद्दल मालकाला भरपाई होती. त्या क्षेत्रावरील काम गेल्याबद्दल मजुराला नव्हती.

हेमर यांनी १९६९ मध्ये ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती सुरू केली. चाळीस एकरांपासून प्रारंभ करून ती पुढे सहाशे एकरांहून अधिक झाली. भाजीपाला, कापूस, सोयाबीन, तसेच कुटुंबांना पाळण्यासाठी डुकरे देण्याची योजना असे तिचे स्वरूप होते. देणग्यांवर अवलंबून असलेला हा प्रयोग सत्तरच्या दशकाच्या मध्यास कर आणि कर्जाच्या ओझ्याखाली संपुष्टात आला. त्याच्या अपयशात व्यवस्थापनातील उणिवांचा वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याची तुलना करावयाची ती चार दशके सरकारी देयकांनी सावरलेल्या शेजारच्या मळ्यांशी करावी लागेल. त्या मळ्यांच्या ‘कार्यक्षमते’तून अनुदान वजा करून कोणी पाहिले नाही.

कमाल मर्यादा आणि तिच्या पळवाटा

मोठ्या रकमांविषयीच्या लोकक्षोभाचा परिणाम म्हणून १९७० च्या कृषी कायद्यात प्रथमच प्रत्येक पिकामागे प्रत्येक व्यक्तीस ५५ हजार डॉलर अशी मर्यादा घालण्यात आली. १९७३ मध्ये ती सर्व पिके मिळून २० हजारांवर आणली गेली. परंतु मर्यादा ‘व्यक्ती’ला होती आणि व्यक्ती म्हणजे कोण, याची व्याख्या सैल होती. शेत भागीदाऱ्यांत, न्यासांत, कंपन्यांत विभागून प्रत्येक घटकाच्या नावे स्वतंत्र देयक घेण्याची रीत रूढ झाली. फांद्यांवर फांद्या असलेल्या या रचनेला ‘मिसिसिपी ख्रिसमस ट्री’ असे नावच पडले. १९८७ च्या कायद्याने एका व्यक्तीस तीन घटकांपर्यंतच मुभा ठेवली. वास्तविक त्यामुळे मर्यादा दुप्पट होण्याची वाट अधिकृत झाली. २००२ च्या कायद्यात निरनिराळ्या देयकांची एकत्रित मर्यादा १ लाख ८० हजार डॉलर होती आणि तीन घटकांच्या नियमाने ती ३ लाख ६० हजारांपर्यंत जाऊ शके. कमोडिटी प्रमाणपत्रांद्वारे मिळणारा लाभ तर मर्यादेच्या बाहेरच होता. २००८ मध्ये हा नियम रद्द झाला. परंतु भागीदारीत कसणारा प्रत्येक सदस्य आपली स्वतंत्र मर्यादा मिळवू शकतो आणि २०१८ च्या कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत पुतणे-भाचे व चुलत-मावस भावंडेही आणली. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ही मर्यादा १ लाख २५ हजारांवरून १ लाख ५५ हजारांवर नेली.

मर्यादेच्या या इतिहासाचे वाचन केवळ पळवाटांची मालिका म्हणून करणे अपुरे ठरेल. एकरामागे अथवा पाउंडामागे दिले जाणारे अनुदान स्वभावतःच मोठ्या धारकाकडे अधिक जाते. मर्यादा हे त्यावर बाहेरून बसवलेले झाकण असते. माप न बदलता केवळ झाकण बसवले की ते उचलण्याची युक्ती निघतेच.

पीक नसले तरी देयक

१९९६ च्या कायद्याने देयके चालू उत्पादनापासून तोडली. पूर्वी ज्या जमिनीवर कापूस, भात, मका इत्यादी पिके होती, त्या जमिनीच्या ‘आधारक्षेत्रा’वर ठरावीक रक्कम मिळू लागली. हे धोरण सात वर्षांत संपुष्टात येईल, अशी अपेक्षा होती. १९९८ मध्ये भाव कोसळताच आणीबाणीची देयके सुरू झाली आणि २००२ मध्ये प्रतिचक्रीय देयकांच्या रूपाने जुनी पद्धत परतली. थेट देयके २०१४ मध्ये बंद झाली, तथापि त्यांच्या जागी आलेली भाव-हानी व महसूल-जोखीम संरक्षणाची देयकेही आधारक्षेत्रावरच, त्याच्या ८५ टक्क्यांवर, दिली जातात. ते पीक त्या वर्षी घेतले नसले तरीही. विश्व व्यापार संघटनेतील वादामुळे २०१४ मध्ये वगळलेला कापूस २०१८ मध्ये ‘सरकीसह कापूस’ या नावाने पुन्हा यादीत आला. २०२५ च्या कायद्याने त्याची संदर्भ किंमत पाउंडामागे ३६.७ सेंटांवरून ४२ सेंट केली.

याचा काउंटीच्या पातळीवरील अर्थ असा की, भूतकाळातील पीकरचना हीच वर्तमानातील हक्काची नोंद बनते. डेल्टात आता कापसाखालचे बरेच क्षेत्र सोयाबीन, मका आणि भात यांच्याकडे गेले आहे; सनफ्लॉवर काउंटीत कॅटफिश माशांची तळीही झाली. परंतु ‘आधारक्षेत्र’ जमिनीसोबत विकले जाते, वारशाने जाते आणि खंडाच्या दरात मिसळते. जो शेतकरी जमीन खंडाने घेतो त्याच्या नावे धनादेश निघाला तरी त्यातील मोठा भाग वाढीव खंडाच्या रूपाने मालकाकडे जाण्याची प्रवृत्ती असते. १९३४ मध्ये ‘भाडे’ या नावाने जे उघडपणे घडले, ते बाजाराच्या मार्गाने आजही अंशतः घडते.

समर्थनाचा विचार

या धोरणाच्या समर्थनार्थ तीन मुद्दे मांडले जातात आणि त्यांचा न्याय्य विचार आवश्यक आहे. पहिला असा की, शेतमालाच्या भावातील तीव्र चढउतार एकटा शेतकरी सोसू शकत नाही. हा मुद्दा निःसंशय खरा आहे. महामंदीत अनुदान नसते तर अनेक मालक आणि त्यांच्यासोबत बटईदारही बुडाले असते. दुसरा मुद्दा असा की, मजूर केवळ अनुदानामुळे विस्थापित झाले नाहीत. युद्धकाळात शिकागो, डेट्रॉइट येथील कारखान्यांनी त्यांना अधिक वेतनावर खेचून घेतले आणि वंशभेदाच्या दहशतीतून सुटण्याची इच्छाही प्रबळ होती. हेही मान्य करावे लागते. यांत्रिकीकरण अनुदानाविनाही कदाचित आले असते. तिसरा मुद्दा असा की, काउंटीतील बँका, जिनिंग कारखाने, यंत्रविक्रेते यांचा व्यवहार या पैशावर टिकतो.

परंतु पहिल्या मुद्द्यावरून जोखीम वाटून घेण्याची गरज सिद्ध होते, एकराच्या प्रमाणात देयक देण्याची होत नाही. जोखमीचा सर्वांत मोठा भार ज्याच्यावर होता तो बटईदार व मजूर योजनेबाहेरच राहिला. दुसऱ्या मुद्द्याने अनुदान हे एकमेव कारण नव्हते एवढेच ठरते. स्थित्यंतर होणारच होते तर त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि सरकारने त्याचे उत्तर एका बाजूने दिले. तिसरा मुद्दा तर काउंटीनेच कमजोर केला आहे. नव्वद वर्षे संघीय पैसा येत राहूनही डेल्टाच्या काउंट्या अमेरिकेतील अत्यंत दरिद्री काउंट्यांत मोडतात. पीक-विम्याच्या हप्त्यापैकी सुमारे ६० टक्के भार सरकार उचलते आणि त्याला व्यक्तिगत कमाल मर्यादा नाही, ही बाब यासोबत लक्षात घेतली म्हणजे या प्रश्नाची व्याप्ती कळते.

डेल्टा आणि वऱ्हाड

सनफ्लॉवर काउंटीचा कापूस आणि वऱ्हाडचा कापूस यांचा संबंध जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) तेथील पुरवठा खंडित झाल्याने वऱ्हाडच्या कापसाला मँचेस्टरची मागणी आली आणि युद्ध संपताच ती ओसरली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा संबंध अनुदानाच्या रूपाने पुन्हा पुढे आला. ब्राझीलने सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकी कापूस-अनुदानाविरुद्ध विश्व व्यापार संघटनेकडे दाद मागितली. भारत त्यात तृतीय पक्ष म्हणून सहभागी होता. १९९९ ते २००२ या चार पीकवर्षांत अमेरिकेने कापसावर बारा अब्ज डॉलरहून अधिक अनुदान दिल्याची ब्राझीलची मांडणी होती. मार्च २००५ मध्ये अपील मंडळाने भावाशी निगडित अनुदानांमुळे जागतिक भाव लक्षणीयरीत्या दबले, हा निष्कर्ष कायम ठेवला. प्रत्यक्षात मात्र २०१४ मध्ये तीस कोटी डॉलर घेऊन ब्राझीलने वाद मिटवला. २००३ पासून हाच प्रश्न मांडणाऱ्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या देशांना त्यातून काही मिळाले नाही, विदर्भालाही नाही.

विदर्भातील कापूस उत्पादकांच्या अरिष्टाची कारणे अनेक आहेत. कोरडवाहू शेती, सावकारी कर्ज, वाढता उत्पादनखर्च, एकाधिकार कापूस खरेदी योजनेची अखेर इत्यादींचा त्यात समावेश होतो. सर्व दोष अमेरिकी अनुदानावर टाकणे अभ्यासाला धरून होणार नाही. परंतु दबलेल्या जागतिक भावाचा धक्का ज्यांना बसला, त्यांच्याकडे डेल्टातील मालकासारखे कवच नव्हते, हेही तितकेच खरे. जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, ते अरिष्ट ओढवल्यानंतर. ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या काळात भारताने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वस्त्रोद्योगाच्या सोयीसाठी माफ केले, तेव्हा हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही हे पुन्हा दिसून आले.

सनफ्लॉवर काउंटीचा दुसरा संदर्भ देशांतर्गत धोरणाशी आहे. २०१९ पासून चालू असलेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीत वर्षाला सहा हजार रुपयांची समान रक्कम दिली जाते. एकराच्या प्रमाणात रक्कम वाढत नाही, हा तिचा मोठा गुण होय. मात्र पात्रतेचा आधार जमिनीच्या नोंदीतील मालकी हाच आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेला बटईदार, ठेक्याने शेती करणारा भूमिहीन आणि नवऱ्याच्या नावच्या शेतात राबणारी स्त्री यांना ती ओळखत नाही.

निष्कर्ष

सनफ्लॉवर काउंटीच्या उदाहरणावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, अनुदानाचा खरा लाभार्थी घोषणेत नसतो, तो देयकाच्या मापात असतो; जमीन हे माप असेल तर लाभ जमिनीच्या मालकीमागे जातो. दोन, विषम समाजात निर्णयाचे विकेंद्रीकरण विषमता कमी करीलच असे नाही. काउंटी समितीप्रमाणे ते तिला सरकारी शिक्का देऊ शकते. तीन, कमाल मर्यादा हा मापाच्या दोषावरील उपाय नव्हे. चार, अनुदानाचा परिणाम त्याच्या प्राप्तकर्त्यांपुरता मर्यादित नसतो. त्याच काउंटीतील मजुरावर आणि हजारो मैल दूरच्या कापूस उत्पादकावरही तो होतो.

शेतीला सार्वजनिक आधार नको, असा यातून अर्थ निघत नाही. कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या प्रदेशातून असा अर्थ काढणे अनुचितही ठरेल. निघतो तो इतकाच की, आधार देण्यापूर्वी कसणाऱ्यांची यादी करावी आणि ती सातबाऱ्याच्या यादीहून वेगळी असू शकते हे गृहीत धरावे. ‘शक्य तितक्या प्रमाणात’ असे शब्द घालून हे काम मालकाच्या सदिच्छेवर सोपवल्यास काय होते, याचा दाखला १९३४ च्या करारात नोंदलेला आहे.